बिडकीनच्या बायकांची पट्टी

डॉ. उमा कुलकर्णी सात वर्षं छत्रपती संभाजीनगरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत संशोधन करत होत्या. गरोदरपणात रक्तदाब वाढून बाईला झटके येतात. रक्ताच्या थेंबावरून तो धोका आधीच सांगणारी एक साधी तपासणी-पट्टी त्यांनी तयार केली. पैसा सगळा सरकारी होता. आता एका बड्या कंपनीला पट्टीचे एकहाती हक्क हवे होते. बदल्यात प्रयोगशाळेला नवी इमारत मिळणार होती आणि उमाताईंना मोठं पद. त्यांची सही तेवढी बाकी होती.

त्याच आठवड्यात बिडकीनहून लक्ष्मीबाई आल्या. सोबत धाकटी सून सोनिया, पाच महिन्यांची गरोदर.

लक्ष्मीबाईंची थोरली सून अशाच झटक्यांनी गेली होती. तेव्हापासून त्या गावोगावच्या गरोदर बायकांना समजावून, रिक्षात बसवून या संशोधनासाठी रक्ताचे नमुने द्यायला प्रयोगशाळेत आणत. चारशेच्या वर बायकांनी रक्त दिलं. एकीनेही मोबदला मागितला नाही.

उमाताईंनी सोनियाला पट्टीने तपासलं. धोका नव्हता. लक्ष्मीबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

"डॉक्टरबाई, ही पट्टी आमच्या दवाखान्यात कवा येणार?"

"तिथं नाही येणार, लक्ष्मीबाई," उमाताई अडखळत म्हणाल्या. "एक कंपनी ती विकणार आहे. मोठ्या हॉस्पिटलांत मिळेल. महाग असेल."

"आमच्याच रक्तातून निघाली, अन् आमालाच मिळायची नाय व्हय?" आवाजात राग नव्हता. त्या खरंच समजून घेऊ पाहत होत्या.

"कंपनीलाही खर्च असतो ना."

"असंल की. माझा ल्योक चितेगावला कंपनीतच हाय. त्याला पगार पायजे, मालकाला नफा बी पायजे. पण हे शोधायचा खर्च सरकारनं केला, मंजे आमीच. साबणाच्या वडीवर बी टॅक्स भरतो आमी. वरून रक्त दिलं. आता अजून किती द्यायचं, बाई?"

सुई टोचताना तोंड फिरवून हसणाऱ्या त्या बायका उमाताईंना दिवसभर आठवत राहिल्या.

दोन दिवसांनी कंपनीचे अधिकारी देवेश करार घेऊन आले.

"सरकारी दवाखान्यांना पट्टी बनवायच्या खर्चातच द्यायची, आणि हक्क एकट्या तुमचे नसतील," उमाताईंनी सांगितलं.

"मग आम्हाला काय उरतं, मॅडम?"

"खासगीत विका, नफा कमवा. पण जिनं रक्त दिलं तिला दारातून परत पाठवणाऱ्या करारावर मी सही करणार नाही."

देवेश निघून गेले. इमारत गेली, पदही गेलं. वरिष्ठ कितीतरी दिवस नीट बोलले नाहीत. वर्षभराने एक लहान कंपनी त्याच अटींवर पट्टी बनवायला राजी झाली.

पट्टी बिडकीनच्या आरोग्य केंद्रात आली. पहिल्याच आठवड्यात मोनाली नावाच्या पोरीचा धोका कळला, वेळेवर उपचार झाले, आणि पुढे तिचं बाळंतपण सुखरूप झालं. उमाताई भेटायला गेल्या, तेव्हा लक्ष्मीबाई मोनालीचं बाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"थोरलीच्या वेळंला ही पट्टी असती तर," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. उमाताई त्यांच्याजवळ खाली बसल्या.

वाचकहो, सर्वांच्या पैशातून आणि विश्वासातून जो शोध जन्मतो, त्यावर पहिला हक्क सर्वांचाच असतो. नफ्याला जागा जरूर असावी, पण ती आजारी माणसाच्या मागे.