सीटच्या दांडीवरच्या दोन खुणा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे किती, हे मात्र मला नक्की सांगता येणार नाही, कारण माझे सगळे अंग एका वयाचे नाही. सांगाडा एका टपालवाल्याच्या सायकलीचा, चाके एका दूधवाल्याच्या सायकलीची, आणि घंटी कुणाची होती ते देव जाणे. एका मिस्त्रींनी तीन मोडक्या सायकलींमधून मला जुळवले, वरून काळा रंग दिला आणि दुकानाबाहेर उभे केले. येणारे जाणारे मला पाहून नाक मुरडत. मी मात्र ताठ उभी असे. "सगळं अंग उसनं, आणि तोरा बघा हिचा," असे म्हणून मिस्त्री माझ्यावर फडका फिरवत.

एके दिवशी दुकानात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ आले. बहीण लहान चणीची, भरभर बोलणारी. भाऊ इतका उंच की दुकानात शिरताना त्याला वाकावे लागले. ती त्याला लंबू म्हणे, तो तिला ताई. दोघे नुकतेच कामाला लागले होते. ताई एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धूत असे, आणि लंबू त्याच रस्त्यावरच्या गोदामात पोती चढवत उतरवत असे.

कामाजवळ खोली मिळावी म्हणून त्यांनी पुष्कळ जिने चढून पाहिले होते. घरमालकाने भाड्याचा आकडा सांगितला की दोघे एकमेकांकडे बघत, "विचार करून सांगतो" म्हणत आणि खाली उतरत. शेवटी दहा किलोमीटर लांब, वस्तीच्या टोकाला एक खोली परवडली. पण खोली स्वस्त मिळाली तर बस महाग पडली. महिना संपायच्या आत दोघांच्या नाकी नऊ येत. म्हणून ताईने मला विकत घेतले.

आता तुम्ही विचाराल, माणसे दोन आणि सायकल एक, मग कसे जमायचे? तीच तर गंमत आहे. ताई सकाळी माझ्यावर बसून कामाला जाई. दुपारी तिची सुट्टी झाली की ती मला घेऊन निम्म्या वाटेवरच्या पाण्याच्या टाकीपाशी येई. लंबू तोपर्यंत घरून पायी चालत तिथे पोहोचलेला असे. मग तो माझ्यावर बसून गोदामात जाई आणि ताई उरलेली निम्मी वाट चालत घरी. दोघांच्या कामाच्या वेळा अशा उलट्या होत्या की एका खोलीत राहूनही त्यांची भेट धड होत नसे. ते भेटत ते त्या टाकीच्या सावलीत, रोज दहा मिनिटे.

त्या दहा मिनिटांत पहिले काम म्हणजे माझी सीट वर करणे. ताईचे पाय आखूड, लंबूचे लांब. ताईने खिळ्याने माझ्या सीटच्या दांडीवर दोन खुणा ओरखडल्या होत्या. खालची तिची, वरची त्याची. फडक्यात गुंडाळलेला पाना माझ्या सांगाड्यालाच बांधलेला असे. ताई बोल्ट सैल करी, लंबू सीट वर ओढी, ताई पुन्हा आवळी. आणि लंबू कामावरून कितीही थकून आला, तरी सीट खालच्या खुणेवर आणल्याशिवाय जिना चढत नसे. सकाळी ताईला खटपट नको, एवढाच त्याचा हेतू.

दुसरे काम खाण्याचे. ताई इस्पितळातून कधी एक उकडलेले अंडे, कधी एखादे केळे घेऊन येई. त्यांच्या आईने त्यांना एक रीत लावली होती. कोणी काही दिले तर पहिल्यांदा नको म्हणायचे, दुसऱ्यांदाही नको म्हणायचे, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की मगच घ्यायचे. तिसऱ्यांदाही नको म्हटले, तर मात्र ते नको खरे, मग समोरच्याने गप्प बसायचे.

"घे रे."

"नको."

"अरे घे, मी खाल्लंय."

"नको गं."

"आता घेतोस का टाकीत टाकू?"

मग तो ते केळे दोन घासांत संपवी. मला हसू येई. रोज तेच केळे, रोज तेच नको.

ताईचा जीव मात्र एका खोलीत अडकला होता. इस्पितळामागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका मावशींची वरची खोली रिकामी होती. तिला रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी होती. भाडे जेमतेम झेपण्याजोगे होते, पण अनामत रक्कम एकदम द्यावी लागणार होती. मावशींना ताई आवडली. "तुम्ही जमवा, तोवर मी कुणाला देत नाही," असे त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून वाचलेले बसचे पैसे त्या खोलीसाठी बाजूला पडू लागले.

"ताई, एक जुनी सायकल अजून घेऊ या का?" लंबूने एकदा विचारले. "तुझं चालणं तरी वाचेल."

"आधी खोली. ती मिळाली की ही एकसुद्धा लागणार नाही. दोघंही चालत कामाला. आणि रोज एका ताटात जेवू, टाकीखाली उभं राहून नाही."

मला ते जरा लागलेच. पण बोलताना तिचा चेहरा असा उजळला की मी राग गिळला. मिळू दे बाई तुला खोली, असे मीही मनात म्हणाले.

खोलीची अनामत जमायला महिनाच उरला होता, तेव्हा मी दगा दिला. रोज दोनदा सैल करून आवळून, सीटची दांडी ज्या नळीत बसते तिच्या तोंडाला चीर गेली. सीट आपोआप खाली घसरू लागली. दोघे मला मिस्त्रींकडे घेऊन आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले.

"अगं पोरी, नळीचं तोंडच फाटलंय. बोल्ट आवळून उपयोग नाही. मी दांडी वेल्डिंग करून टाकतो, पण मग सीट वर-खाली होणार नाही. एक उंची ठरवा. नाहीतर दुसरी सायकल घ्या."

दुसरी सायकल म्हणजे अनामत रकमेला हात लावणे. ताईने लगेच नकाराची मान हलवली.

"मधे कुठंतरी ठेवू?" मिस्त्रींनी विचारले.

"मधे ठेवली तर दोघांचेही हाल. ह्याचे गुडघे पोती उचलून आधीच दुखतात. ह्याच्या खुणेवर ठेवा. मी चालवीन उभ्या उभ्या. महिन्याचा तर प्रश्न आहे."

"अगं, नको," लंबू म्हणाला.

"मी म्हणते ना."

मित्रांनो, आता त्याने दुसऱ्यांदा नको म्हणायचे होते. आयुष्यभर म्हणत आला होता. पण त्या दिवशी तो सलग दोन पाळ्या करून आला होता. तो गुडघे चोळत भिंतीकडे बघत राहिला. मिस्त्रींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि मग ठिणग्या उडू लागल्या. एकदाच म्हटलेले ते नको माझ्या कानात अजून घुमते.

सतरा दिवस ताईने मला चालवले. मी चालू असताना ती पट्टीची होती, पण थांबायचे म्हटले की तिला आधी सीटवरून खाली उतरावे लागे. कोणी बघत असले की हसून म्हणे, "आज माझी सायकल मोठी झाली." अठराव्या सकाळी टाकीजवळच्या वळणावर पुढचा टँकर एकदम थांबला. तिने ब्रेक दाबला आणि सवयीने पाय खाली टाकला. पाय जमिनीला लागला नाही. ती रस्त्याच्या बाजूला कलंडली, आणि मागून येणाऱ्या टेम्पोचे चाक तिच्या घोट्यावरून गेले.

मला साधा ओरखडाही उठला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

तिला तिच्याच इस्पितळात नेले. "ताई निजलीय ती चादर तिनेच धुतलीय," असे लंबू मिस्त्रींना सांगत होता. सांगता सांगता त्याने माझ्या चाकाचा एक आरा घट्ट धरला. खोलीसाठी साठवलेले सगळे पैसे तिच्या पायावर गेले. तरी घोटा पूर्वीसारखा झाला नाही. धुलाईघरात दिवसभर उभे राहावे लागते. इस्पितळवाल्यांनी दोन महिने वाट पाहिली, मग तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. मावशींनीही वाट पाहिली. मग एक दिवस लंबू मला हातात धरून त्या गल्लीतून चालत गेला, तेव्हा वरच्या खिडकीत कुणाचे तरी कपडे वाळत होते. तो थांबला नाही.

ताई आईकडे परत गेली. ज्या बसचे भाडे वाचवायला तिने मला घेतले, त्याच बसने गेली. निघताना काठी सावरत तिने माझ्या सीटवरून हात फिरवला. "हिला पुसत जा रे, गंजेल," एवढेच म्हणाली.

एकट्याच्या पगारात टोकाची खोलीही लंबूला झेपेना. आता तो गोदामालगतच्या इमारतीत राहतो. एका खोलीत आठ जण, प्रत्येकाची एक खाट. कामावर पोहोचायला पाच मिनिटे लागतात. बस नको आणि सायकलही नको. कामाजवळ राहायला मिळावे, ही ताईची इच्छा अशी पुरी झाली. मी जिन्याखाली उभी असते. भंगारवाला दोनदा विचारून गेला, पण लंबूने त्याला वाटेला लावले.

गेल्या सुट्टीच्या दिवशी तो मला मिस्त्रींकडे घेऊन गेला.

"हे वेल्डिंग कापा. सीट खालच्या खुणेवर घ्या आणि पुन्हा सांधून टाका."

"आता कशाला रे? तुला चालवता नाही यायची."

"तुम्ही कापा."

मिस्त्रींनी चष्मा खाली ओढला. करवत फिरताना मला दुखले, पण मी हूं की चूं केले नाही. पैसे मात्र मिस्त्रींनी घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी जिन्याखाली माझ्या शेजारी बसून त्याने ताईला फोन लावला. वर खोलीत गलका होता, म्हणून त्याने फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"सायकल विकलीस का रे?" तिने विचारले.

"नाही. आज सीट खाली करून आणली. तुझ्या खुणेवर."

"वेडा आहेस का? वर घे परत. तुझ्या तरी उपयोगी पडू दे."

"नको."

"अरे, मी काय आता सायकलवर बसणार आहे? घे वर."

"नको गं."

मग ती अगदी हळू म्हणाली, "लंबू, घेतोस की नाही?"

"नको, ताई."

तिसरे नको झाले. तिने पुढे आग्रह केला नाही. दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही. लंबूचे डोळे वाहत होते, आणि मला त्याच्या खांद्यावर हात ठेवता येत नव्हता.

मित्रांनो, तुमच्या दारातल्या मुक्या वस्तूंना पुसत जा, त्यांना तेल घालत जा. आणि तुमच्यासाठी कुणी आपली जागा सोडू लागले, तर एकदाच नको म्हणून थांबू नका. दुसऱ्यांदा म्हणा, तिसऱ्यांदाही म्हणा, तुम्ही कितीही थकलेले असा. मी अजून जिन्याखाली आहे. सीट खालच्या खुणेवर आहे. एखादी लहान चणीची मुलगी माझ्यावर बसली, तर तिचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतील.