सुट्या भागांचा पाळणा

माणसाने आयुष्यात निदान एक वस्तू तरी स्वतःच्या हाताने घडवावी, त्याशिवाय त्याला आपल्या घराला आपलं घर म्हणण्याचा अधिकार नाही, असं गहिनीनाथ म्हसे सरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांना निवृत्तीनंतर झालं. त्याआधी राहुरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी हयातभर फिजिक्स शिकवलं होतं आणि घरातली ट्यूबलाइट बदलायला दर वेळी वायरमन बोलावला होता.

मत झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून स्कूटर बाहेर काढली आणि तिथे करवत, रंधा, पटाशी, ड्रिल मशीन आणि कॅलेंडर अशी सामग्री लावली. स्कूटर तेव्हापासून उन्हात असते. पहिली वस्तू म्हणून सरांनी एक स्टूल केलं. ते हलत होतं म्हणून त्याचा एक पाय थोडा कापला. मग दुसरा पाय कापावा लागला. हे काम पुष्कळ दिवस चाललं आणि शेवटी स्टुलाचा पाट झाला. पाट उत्तम आहे. सरांच्या आई, आक्काबाई, त्यावर बसून मेथी निवडतात.

सरांची मुलगी आरती कोपरगावला दिलेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या सासूबाईंचा फोन आला. आनंदाचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या शेजारी मशीनचा पाळणा आणलाय. बटण दाबलं की आपोआप हलतो, गाणीपण म्हणतो. आता पाळणा माहेरचा असतो, म्हणून आपलं कानावर घातलं."

"विहीणबाई, पाळणा मी स्वतः करतोय," सर म्हणाले.

स्टुलाची गोष्ट आरतीने सासरी सांगितलेली होती.

"बरं," विहीणबाई म्हणाल्या. "हौस असते एकेकाला."

हा शब्द सरांना लागला. पाळणा करायचा, बारशाला नातवंड त्याच पाळण्यात घालायचं आणि नंतर तोच पाळणा टेम्पोत घालून वाजतगाजत कोपरगावला पाठवायचा, हे त्या क्षणी ठरलं. शिवाय पाळण्यात एकही खिळा नसेल. स्क्रू नाही, गोंदही नाही. लाकडात लाकूड बसवायचं. जपानमध्ये असंच करतात, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं.

लाकूड आणायला ते बेलापूरला अलीमभाईंच्या वखारीत गेले. अलीमभाई सरांचे जुने ओळखीचे. त्यांनी सागाच्या फळ्या दाखवल्या आणि सरांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"खिळा नाही, स्क्रू नाही, गोंद नाही," अलीमभाई म्हणाले. "मग सर, हे सगळं एकमेकांना धरून राहणार कशानं?"

"घर्षणानं."

"अच्छा. आमच्या घरात दोघं भाऊ नुसत्या घर्षणावर राहतात, सर. फार टिकाऊ काम नाही ते."

"तुमच्याकडे खाचा नीट पाडलेल्या नसतील, अलीमभाई."

"ते खरंय," अलीमभाई म्हणाले आणि फळ्या रिक्षाच्या टपावर बांधून दिल्या.

आता काम सुरू होणार, तोच आक्काबाई काठी टेकत शेडमध्ये आल्या. त्यांची ऐंशी उलटून गेली आहे आणि नजर अजून शाबूत आहे.

"काय करतुयास रं नाथा?"

"पाळणा, आई. आरतीच्या बाळाला."

"लेकराच्या आदी? रिकामा पाळना घरात ठिवत्यात व्हय कुटं? इतका शिकला आन येवडं ठाव न्हाई?"

"आई, याला काही शास्त्रीय आधार नाही."

"नसंल आधार. पन पाळना न्हाई करायचा."

सरांनी वर्गात अनेक पिढ्यांच्या तोंडून व्याख्या पाठ करून घेतल्या होत्या. त्यांनी व्याख्येचाच आसरा घेतला. पाळणा कशाला म्हणायचं? जो टांगता येतो आणि हलवता येतो, तो पाळणा. फळ्या, पट्ट्या, चार खांब आणि एक आडवी दांडी वेगवेगळी पडलेली असतील, तर त्यांना पाळणा म्हणता येणार नाही.

आक्काबाईंनी विचार केला. "लाकडं असू दे. लाकडाला माझं काय म्हननं न्हाई. जोडायचा मातर न्हाई."

अशा रीतीने पाळण्याचे सुटे भाग बनू लागले. उन्हाळाभर सर शेडमध्ये घामाघूम होत रंधा मारत होते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना त्यांनी आतून लांबलचक खाच पाडली, त्या खाचेत तळाच्या फळ्या सरकवून बसवायच्या होत्या. बाळाचं वजन धरलं, ते पाय झाडील त्याचं बळ धरलं, आणि सगळं दुप्पट करून फळ्यांची जाडी काढली. हिशोबात चूक नव्हती. तो हिशोब पुढे कुणीही तपासला तरी बरोबरच येतो.

फक्त एक अडचण होती. हे भाग एकमेकांत बसतात की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

"आई, एकदाच जोडून बघतो. त्यात गव्हाचं पोतं ठेवतो, दोन झोके देतो आणि लगेच सुटा करतो."

"जोडला की पाळना झाला. आन पाळन्यात गहू निजवायचा?"

"परीक्षा म्हणून."

"परिक्षा साळंत घ्यायच्या," आक्काबाई म्हणाल्या.

सरांच्या पत्नी मथुराबाई यात कोणाच्याच बाजूने नव्हत्या. "अहो, विहीणबाईंना मशीनचा हवाय तर मशीनचाच घेऊ या ना," एवढंच त्या अधूनमधून म्हणत. सर त्यावर रंध्याचा आवाज मोठा करत.

आरती बाळंतपणाला माहेरी आली. श्रावणात तिला मुलगी झाली. सर दवाखान्यात नातीचं तोंड पाहून आले आणि कपडेही न बदलता शेडमध्ये गेले. आता लेकरू होतं. आता पाळणा रिकामा राहणार नव्हता.

मागोमाग आक्काबाई आल्या. "सोयर हाय घरात. सोयरात नवी वस्तू जोडत न्हाईत."

"म्हणजे बाळाच्या आधी जोडला तर अपशकुन, आणि बाळ झाल्यावर जोडला तर सोयर."

"व्हय."

"मग जोडायचा कधी?"

"बारशाच्या सकाळी. आमी काय येडे न्हवतो, समदं ठरल्यालं असतंय."

बारशाच्या सकाळी सरांनी अंघोळ करून भाग जोडायला घेतले. खांब बसले, दांडी बसली, बाजूच्या पट्ट्याही बसल्या. तळाच्या फळ्या बसेनात. वैशाखात कापलेल्या फळ्या श्रावणाच्या ओलीने फुगल्या होत्या. लाकूड पाणी पिऊन फुगतं, हे सरांनी दरवर्षी शिकवलं होतं, पण ते थर्मामीटरच्या धड्याच्या पुढे, घाईत. त्यांनी रंधा घेतला आणि फळ्यांच्या कडा उतरवल्या. जरा आणखी उतरवल्या. बाहेर मंडपवाला खुर्च्यांबद्दल विचारत होता, आत मथुराबाई हाका मारत होत्या. मग फळ्या खाचेत गेल्या. इतक्या अलगद गेल्या की सरांना समाधान वाटलं.

संध्याकाळी कोपरगावची मंडळी टेम्पो ट्रॅव्हलर करून आली. बैठकीच्या खोलीत मधोमध, चार खांबांवरच्या दांडीला टांगलेला पाळणा होता, झेंडूच्या माळा सोडलेला. दिसायला तो खरोखर देखणा होता, आणि हे कोपरगावकरांनाही कबूल करावं लागलं. सर प्रत्येकाला जवळ घेऊन सांगत होते, "एकही खिळा नाही."

विहीणबाईंनी चष्मा लावून पाळण्याला एक फेरी मारली. "आमच्याकडं मिळतात हो खिळे, सर. कळवायचं ना नुसतं."

जावई सुनीलने तोंड फिरवलं आणि पंख्याकडे बघत राहिला.

बारशात पुरुषांचं काम बाहेर मंडपात बसून घुगऱ्या खाण्याचं. आरतीच्या बारशालाही सर बाहेरच होते. या वेळी मात्र ते दाराला टेकून आतच उभे राहिले. नात पाळण्यात घालताना त्यांना बघायचं होतं. बाया पाळण्याभोवती जमल्या. सुनीलची बहीण रुपाली, म्हणजे बाळाची आत्या, बाळाला घेऊन एका बाजूला उभी राहिली. आणि मथुराबाई आतून दोन्ही हातांनी काहीतरी जड उचलून घेऊन आल्या. त्याला बाळाची कुंची घातलेली होती, हळदकुंकू लावलेलं होतं आणि काजळाची तीटही होती.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"वरवंटा."

"ते दिसतंय. चाललाय कुठे तो?"

"पाळण्यात. आधी तो, मग बाळ. आरतीच्या वेळीही ठेवला होता."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही बाहेर घुगऱ्या खात होता."

"वजन किती आहे त्याचं?"

"आज बारसं आहे का बाजार?" मथुराबाई म्हणाल्या. "सरका जरा."

वरवंटा आक्काबाईंच्या सासूचा होता. त्या काळी घरात माणसं पुष्कळ असत, मसाला त्या मानाने वाटला जाई आणि वरवंटाही त्या मानाने घेतलेला होता. सरांनी मनात आकडा मांडायला घेतला, पण बाया त्यांच्यापेक्षा जलद होत्या. वरवंटा पाळण्याच्या खालून इकडून तिकडे गेला, वरून तिकडून इकडे आला, मग मऊ दुपट्यावर निजवला गेला. पाळणागीत सुरू झालं. विहीणबाईंनी दोरी धरली आणि पहिला झोका दिला.

पाळणा पुढे गेला. परत येताना तळाच्या फळ्या, सकाळी जशा अलगद खाचेत गेल्या होत्या तशाच अलगद खाचेतून बाहेर आल्या, आणि कुंची घातलेला वरवंटा विहीणबाईंच्या पायापासून वीतभर अंतरावर फरशीवर उतरला. फरशीला आडवी भेग गेली. दुपटं मागाहून आलं.

गाणं थांबलं. पाळणा मात्र, बिनतळाचा, दोन-तीन झोके खात राहिला.

सरांनी रुपालीच्या हातातल्या बाळाकडे पाहिलं. बाळ जांभई देत होतं. सरांना एकदम खाली बसावंसं वाटलं आणि ते जवळच्या पाटावर बसले. तो त्यांनीच केलेला होता, आणि अजिबात हलला नाही.

"पप्पा," आरती म्हणाली. तिने बाळ रुपालीकडून मागून घेतलं.

पहिल्यांदा आक्काबाई बोलल्या. "म्हनून आदी वरवंटा घालत्यात."

"म्हणूनच मी गव्हाचं पोतं घालू म्हणत होतो," सर म्हणाले.

"गव्हाचं कशाला? त्यालाच तर वरवंटा हाय."

"पण तो बारशाच्या आधी घालू दिला असता तर..."

"आदी कसा घालायचा? लेकरू हाय का तवा?"

या विषयावर म्हसे कुटुंबात अजून एकमत झालेलं नाही. रीतीमुळे परीक्षा राहिली आणि रीतीमुळेच ती ऐनवेळी झाली, असं दोन्ही बाजूंना मान्य आहे. फक्त दोघंही ते आपल्या बाजूचं समजतात.

विहीणबाईंनी भेगेकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे पाहिलं. "सर," त्या म्हणाल्या, "खिळा खरंच नव्हता हो."

मुहूर्त टळायला नको म्हणून आक्काबाईंनी खाली गोधडी अंथरायला लावली. बाळाला गोधडीवर ठेवलं, वरवंटा शेजारी निजवला, आत्याने बाळाच्या कानात 'शार्वी' असं नाव सांगितलं आणि बायांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत बुक्के घातले. शार्वीला यातलं काही कळलं नाही. गोधडीला पाठ लागताच ती झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाळणा शेडमध्ये नेला. आता त्याला खिळे लागले, स्क्रू लागले, गोंद लागला आणि तळाला लोखंडी पट्ट्याही लागल्या. जपानचं नाव निघालं नाही. मग त्यात वरवंटा ठेवून तो टांगला आणि सर येता-जाता त्याला झोके देत राहिले. आक्काबाईंनी हरकत घेतली नाही. पाळणा रिकामा नव्हता. मथुराबाईंनी तोवर चटणी मिक्सरवर वाटली. विहीणबाईंचा फोन आला तेव्हा सर म्हणाले, "आता त्यात तुम्ही स्वतः बसलात तरी चालेल." हे त्यांनी शास्त्रीय अर्थाने म्हटलं होतं, पण पलीकडे ते तसं घेतलं गेलं नाही.

सव्वा महिना झाल्यावर आरती सासरी निघाली. पाळणा टेम्पोत चढवायला सगळ्या पुरुषांना हात लावावा लागला. सर कोपरगावापर्यंत टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेले आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला मागे वळून पाहत राहिले. पाळणा जागचा हलला नाही. कोपरगावच्या हॉलमध्ये तो खिडकीपाशी ठेवला गेला. त्याच्या शेजारी मशीनचा पाळणा आधीच येऊन बसला होता. विहीणबाईंनी तो बारशाच्या दुसऱ्याच दिवशी मागवला होता.

सर घरी आले आणि काही दिवस फोनची वाट पाहत राहिले. फोन येईना, तेव्हा त्यांनीच आरतीला केला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, "कुठल्या पाळण्यात झोपते गं?"

मागे मशीनचं गाणं चालू होतं.

"कुठल्याच नाही, पप्पा," ती म्हणाली. "खाली गोधडीवर झोपते."