उतार न पाहिलेली फियाट

मित्रांनो, मी जुनी आहे आणि घाबरट आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. मी फिकट निळ्या रंगाची फियाट. पन्नाशी कधीच ओलांडली. माझ्या बरोबरीच्या बहुतेक गाड्या दिल्लीच्या रस्त्यांवरून भंगारात गेल्या. मी जपलेली होते, म्हणून जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीत मला जागा मिळाली. त्या नोंदणीची एक अट असते: रोजच्या कामाला बाहेर पडायचे नाही, जुन्या गाड्यांची फेरी किंवा प्रदर्शन असेल तरच रस्त्यावर यायचे. म्हणजे मला बाहेर काढायला कोणाला तरी कारण शोधावे लागते. कारण नसेल तेव्हा मी कापडाखाली उभी राहून आवाज ऐकते. भंगारवाल्याची हातगाडी वाजली की माझे पत्रे गार पडतात.

माझा जन्म मुंबईतल्या कारखान्यात झाला. समुद्र तिथून दूर नव्हता, पण तो मला कोणी दाखवला नाही. मला थेट दिल्लीला आणले. पहिले मालक मोठे अधिकारी होते. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्याच कार्यालयातल्या भालचंद्र गुप्ते यांनी मला घेतले आणि लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या सरकारी क्वार्टरसमोर आणून उभे केले.

भालचंद्रांच्या पत्नी प्रभाताई माझ्यावरच गाडी शिकल्या आणि लवकरच नवऱ्यापेक्षा चांगली चालवू लागल्या. "तू चालव, मी रस्ता सांगतो," असे भालचंद्र म्हणाले आणि पुढे आयुष्यभर त्यांनी तेच केले. रस्ता मात्र बहुतेक वेळा चुकीचा सांगितला.

त्या वसाहतीतली एक पद्धत मला सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. घरे बांधली तेव्हा गाड्या थोड्या होत्या. नंतर घरोघरी गाडी आली आणि जागा तेवढीच राहिली. मग लोक एका रांगेपुढे दुसरी रांग लावू लागले. बाहेरच्या रांगेतल्या गाडीने न्यूट्रलमध्ये उभे राहायचे आणि हँडब्रेक लावायचा नाही, हा नियम. आतल्या माणसाला निघायचे असले की तो खांदा लावून बाहेरची गाडी सरकवतो, आपली काढतो आणि जातो. कोणी विचारत नाही, कोणी रागावत नाही. दिल्लीची जमीन सपाट. ढकलले तेवढेच सरकायचे आणि थांबायचे.

कधी कधी भालचंद्र माझ्यात बसून वर्तमानपत्र वाचत असत आणि मी हलू लागे. ते मान वर करत नसत. "हां हां, कर लो भाई, धीरे से," एवढे म्हणत. बाहेरून उत्तर येई, "बैठे रहिए गुप्तेजी, आप तो हल्के हैं."

निवृत्तीनंतर गुप्ते यमुनेपलीकडच्या सोसायटीत राहायला गेले. पद्धत तिथेही तीच होती. माझा हँडब्रेक कोणी ओढेनासे झाले. त्याची केबल आत गंजत गेली आणि ते कोणाला कळले नाही.

मग एके दिवशी त्यांचा मुलगा परीक्षित गुरुग्रामहून आला आणि माझ्या बॉनेटला टेकून उभा राहिला.

"आई, पार्वतीमावशीच्या गावाला अ‍ॅम्ब्युलन्स मिळू शकते. आमची कंपनी द्यायला तयार आहे. पण त्यांना स्टोरी पाहिजे."

पार्वती म्हणजे प्रभाताईंची मावसबहीण. कोकणात एका खाडीपलीकडच्या आरोग्य केंद्रात तिने परिचारिका म्हणून नोकरी केली होती. गेल्या पावसाळ्यात तिच्या गावातल्या एका बाळंतिणीला मासळीच्या टेम्पोतून तालुक्याला न्यावे लागले. आई वाचली, मूल वाचले नाही. पार्वतीने हे फोनवर सांगितल्यापासून प्रभाताई अस्वस्थ होत्या.

"कसली स्टोरी?" त्यांनी विचारले.

"तू, बाबा आणि ही गाडी. डहाणू ते रेडी, पूर्ण किनारा. हिच्याच इंजिनावर. कुठे टो केली की संपलं."

"आणि नाही पोचलो तर?"

"तर अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला. लिस्ट लांब आहे, आई."

मित्रांनो, माझ्या मागच्या सीटवर आजवर तीन माणसे मावत. त्या दिवशी तिथे अख्खे गाव येऊन बसले. मला रात्रंदिवस एकच विचार छळू लागला. बाकी सगळे ठीक असेल आणि मीच बंद पडले तर?

कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनासमोर मला झेंडा दाखवला. कोणीतरी माझ्या तोंडाला झेंडूचा हार बांधला. तो रेडिएटरसमोर लटकला आणि माझा जीव गुदमरला. नात इशिताने तो लगेच काढला. ती कॉलेजात शिकत होती आणि सगळ्याचे व्हिडिओ काढायला बरोबर निघाली होती.

डहाणूपर्यंत मला ट्रकवर नेले. ट्रकवाल्याने माझ्या चारही चाकांना लाकडी ठोकळे अडकवले आणि वर दोरखंड आवळले. मला अपमान वाटला. मी कुठे पळून जाणार होते?

डहाणूला समुद्र पाहिला. त्याचे सौंदर्य लोकांनी सांगावे. मला फक्त खारा वारा कळला. तो दाराच्या फटीतून आत शिरून जुन्या गंजाला उठवत होता. तरी पहिले दिवस बरे गेले. उत्तरेकडचा रस्ता बराचसा सपाट होता. दुपारी माझ्या इंजिनातला पेट्रोल पंप तापला की इशिता त्यावर ओले फडके ठेवी. संध्याकाळी परीक्षितचा फोन येई आणि तो आधी माझी चौकशी करी.

"आमची पण विचारपूस कर रे," भालचंद्र म्हणत.

"बाबा, तुम्ही बंद पडलात तर अट मोडत नाही."

मग ती खाडी आली. पलीकडे पार्वतीचे गाव होते. फेरीबोट नुकतीच गाड्या उतरवून परत गेली होती. आम्ही रांगेत सर्वांत पुढे होतो. पुढे धक्क्याचा उतार सरळ पाण्यात शिरत होता. खालचा भाग शेवाळाने हिरवा झाला होता. उताराच्या तोंडाशी प्रभाताईंनी मला थांबवले. इंजिन बंद केले. इतक्या वर्षांच्या सवयीने मला न्यूट्रलमध्ये टाकले, किल्ली घेतली आणि तिकिटाच्या खिडकीकडे गेल्या. इशिता बोट दिसते का ते पाहायला उतरली. भालचंद्र डावीकडच्या सीटवर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडले होते. त्यांचा गुडघा दुखत होता.

माझे पुढचे चाक एका लहानशा उंचवट्याला टेकले होते. मला धरून ठेवणारे तेवढेच होते. मला ते कळत होते आणि सांगता येत नव्हते.

मागचा टेम्पो जरासा पुढे आला आणि त्याचा बंपर माझ्या बंपरला टेकला. अगदी हलका धक्का. दिल्लीत शेजारी खांदा लावत तेवढाच. चाक उंचवट्यावरून उतरले आणि मी निघाले.

भालचंद्रांनी वर्तमानपत्र काढलेसुद्धा नाही.

"हां हां, कर लो भाई," ते म्हणाले. "धीरे से."

मित्रांनो, त्या क्षणाइतकी मी कधी घाबरले नाही. माझ्यात बसलेल्या माणसाला वाटत होते, कोणी तरी ओळखीचा माणूस आपल्याला सरकवतो आहे आणि तो थांबवेलही. मागे कोणी नव्हते. पुढे पाणी होते.

"अहो!" प्रभाताई खिडकीपासून ओरडल्या. "अहो, ब्रेक!"

'अहो' या हाकेला भालचंद्र लगेच ओ देत नसत.

"भालचंद्र!"

इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. भालचंद्र ताडकन उठून बसले. समोर पाणी दिसले. त्यांनी डॅशबोर्डखालची हँडब्रेकची मूठ ओढली. ती बाहेर येतच राहिली आणि तुटक्या केबलसह हातात आली. मग त्यांनी स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि अंगातला सगळा जोर लावून खाली खेचली. माझ्या पोटात दात दातांवर घासले. काहीतरी तुटले. मी हिसका खाऊन थांबले. भालचंद्रांचे कपाळ काचेवर आपटले.

पुढची दोन्ही चाके अर्धी पाण्यात होती. लोक धावले. कोणी चाकांपुढे दगड लावले. पार्वती आम्हाला घ्यायला आधीच्या बोटीने आली होती. तिने भालचंद्रांना बाहेर काढले, जखम पाहिली आणि पदराने रक्त टिपले.

"खोल नाही. भावोजी, अ‍ॅम्ब्युलन्सचं अजून नक्की नाही आणि तुम्ही पेशंट होऊन हजर?"

"ट्रायल घेत होतो," भालचंद्र म्हणाले. मांडीवर पडलेली हँडब्रेकची मूठ ते बाहेर येताना हातात घेऊन आले होते.

भरती सुरू झाली होती. टेम्पोवाला दोर घेऊन आला. "बाई, बसा तुम्ही. दोन मिनिटांत वर ओढतो. माझाच धक्का लागला."

प्रभाताईंनी दोराकडे पाहिले. मग पार्वतीकडे पाहिले. "नको," त्या म्हणाल्या. "ओढायचं नाही."

"आजी यार, प्लीज! पाणी बघ ना! मी शूट नाही करत आहे, कोणाला कळणार?"

"इशू, आपण अटीला बिल्कुल हो म्हणून आलोय. हो म्हणजे हो."

"मग ढकलतो आम्ही," दोघेजण पाण्यात उतरत म्हणाले.

"ढकलायचं पण नाही. हिला आपणहून वर यायचंय."

जन्मभर मी लोकांच्या खांद्यांनी सरकत आले होते. आज हात पुढे आले आणि माझ्या मालकिणीने ते नाकारले. मला तिचा राग आला. पाणी रेडिएटरपर्यंत पोचले तर मी संपले, हे तिलाही ठाऊक होते.

पार्वती हलक्या आवाजात म्हणाली, "प्रभा, तू आणि भावोजी धड आहात ना? मग अ‍ॅम्ब्युलन्सचं बघू पुढे."

"पुढे कधी? पुढच्या पावसात?" प्रभाताई म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या.

किल्ली फिरली. मी खोकले. पुन्हा फिरली. पुन्हा खोकले. टेम्पोवाल्याने मासळीची रिकामी गोणपाटे आणून माझ्या मागच्या चाकांखाली सारली. याला कोणी हरकत घेतली नाही. प्रभाताईंनी चोक थोडा ओढला, थांबल्या, आणि किल्ली तिसऱ्यांदा फिरवली. इंजिनाने जीव धरला. उलटा गिअर पडला. चाके शेवाळावर नुसती फिरली, गोणपाटे पुढे फेकली गेली, मी आडवी होऊ लागले. मग एका चाकाला खडबडीत दगड लागला. मी वर आले. सगळी वर आले.

धक्क्यावर टाळ्या वाजल्या. प्रभाताईंनी इंजिन बंद केले, गिअर टाकला, दार उघडले, पुन्हा बंद केले, आणि गिअर खरोखर पडला आहे की नाही हे दांडी हलवून पाहिले. मगच उतरल्या. उतरल्यावर नवऱ्याजवळ जाऊन त्यांनी त्यांच्या हातातली हँडब्रेकची मूठ काढून घेतली.

माझा दुसरा गिअर त्या दिवशी गेला. सुटा भाग कुठेच मिळाला नाही. रत्नागिरीला हँडब्रेकची नवी केबल तेवढी बसली. पुढचे घाट मी पहिल्या गिअरमध्ये रडत चढले. शेवटच्या एका चढावर, मागे एस.टी. असताना, मी बंद पडले. इंजिन गप्प, चाके मागे ओढ घेणारी. प्रभाताईंनी मूठ ओढली आणि पिळली. मी जागच्या जागी राहिले. मित्रांनो, चालणाऱ्या गाडीचे सगळे कौतुक करतात. पण उतारावर जागेवर उभे राहणे काय असते, ते मला इतक्या वयात त्या चढावर पहिल्यांदा कळले.

आम्ही रेडीला पोचलो.

अ‍ॅम्ब्युलन्स गावात आली त्या दिवशी पार्वतीचा फोन आला. प्रभाताई माझ्याजवळच उभ्या होत्या. पार्वती गाडीच्या रंगाबद्दल, आतल्या स्ट्रेचरबद्दल उत्साहाने सांगत होती. प्रभाताईंनी मध्येच थांबवले.

"ते राहू दे. उभी कुठे करता? उतारावर? मग चाकाखाली दगड ठेवायला सांग. आणि हँडब्रेक रोज ओढून बघायचा, म्हणावं. गरज नसली तरी."

आता मी पुन्हा दिल्लीत आहे, बाहेरच्या रांगेत. माझा दुसरा गिअर अजून मिळालेला नाही. पुढच्या वर्षी माझी कोणाला गरज लागेल की नाही, हे मला माहीत नाही, आणि हातगाडी वाजली की पत्रे अजून गार पडतात. पण परवा सकाळी आतल्या रांगेतल्या खुरानांनी मला खांदा लावला आणि ते चकित झाले.

"आंटीजी," ते खालून ओरडले, "आपकी गाड़ी हिल नहीं रही!"

प्रभाताई गॅलरीत आल्या. मागून भालचंद्रही आले. त्यांच्या कपाळावर अजून पांढरी खूण आहे.

"हिलेगी भी नहीं," प्रभाताई म्हणाल्या. "रुकिए, मैं चाबी लेकर आती हूँ."

खुराना कुरकुरले, पण थांबले. जिना उतरायला प्रभाताईंना वेळ लागतो.

मित्रांनो, तुम्हीही एवढे करा. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्या माणसाला हाक मारा आणि तो येईपर्यंत थांबा. तिचा जो भाग रोज लागत नाही, तोही अधूनमधून ओढून पाहा. आणि गाडीत कोणी डोळे मिटून बसले असेल, तर उतरून जाण्यापूर्वी एकदा मागे वळून बघा. आपल्याला कोणी तरी धरले आहे, असे समजून ते बसलेले असते.