लतिकाच्या हाडातली बिऱ्हाडकरू

मी एक जुनी मूळपेशी आहे. लतिकाच्या कमरेच्या हाडात माझं बिऱ्हाड आहे. मित्रांनो, मला पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण माझ्याशिवाय शरीराचं पान हलत नाही. रक्तातल्या लाल, पांढऱ्या सगळ्या पेशी आमच्याच पोटच्या. मी जरा भोचक आहे. हाडातून आवाज छान ऐकू येतो, त्यामुळे बाहेरचा कानोसा घेतच मी जगले.

लतिका जन्मली ती संपाच्या वर्षी, करी रोडच्या चाळीत. तिचे वडील दत्ताराम गिरणीत माग चालवायचे. संप फिसकटला, गिरणीने त्यांना परत घेतलं नाही, आणि ते रे रोडच्या वखारीत लाकडं वाहू लागले. आई लवकर गेली. उरले बाप-लेक दोघंच. लतिका ब्लाउज शिवायची आणि मी इमानेइतबारे पेशी घडवायचे. लाल पेशी प्राणवायू वाहायला, पांढऱ्या पेशी पहाऱ्याला.

या पहारेकऱ्यांनीच घात केला. लतिकाने तिशी ओलांडली होती. एकदा शिवताना तिला मशीनचं पायडल पायाला जाणवेना. पुढे पाऊलच आपलं वाटेना. पहारेकरी तिच्या मज्जातंतूंवरचं वेष्टण शत्रू समजून कुरतडत होते. माझीच पोरं ती, पण असं का करतात ते मलाही उमगेना.

दत्तारामांना वाटलं, पोरीच्या अंगात ताकद राहिली नाही. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीलगत कडुनिंबावर गुळवेल चढली होती. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणकारी, असं अख्खी चाळ सांगे. ते रोज ती तोडून आणत, काढा करून पाजत आणि डॉक्टरांपासून लपवत. लतिका तोंड वाकडं करून पिऊन टाकी. तोवर तिचा दुसरा पायही बधिर होऊ लागला होता.

परळच्या इस्पितळात डॉ. उर्मिला वेलकर तिला तपासत. त्यांच्यापुढे काढ्याची गोष्ट अखेर लतिकानेच फोडली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत.

“दत्तारामकाका, हिची ताकद कमी झालेली नाही,” त्या म्हणाल्या. “ती हिच्यावरच उलटलीय. आणि तुम्ही काढ्याने तिलाच खुराक देताय.”

 दत्ताराम म्हणाले, “संपानंतर मी गेटवर गेलो, तर वॉचमनने आत सोडलं नाही. रोज रामराम करणारा माणूस. मला विचारतो, कोण तू? तसंच झालं म्हणायचं.”

“तसंच. पण हे पहारेकरी बदलून बघता येतात.”

मी कान टवकारले, कारण उपायात माझं नाव निघालं होतं. त्यात जिवाचा धोका आहे, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. लतिका तयार झाली. इंजेक्शनं देऊन आम्हाला हाडातून रक्तात उतरवलं, यंत्राने वेगळं काढून पिशवीत भरलं आणि गोठवून ठेवलं. मग जालीम औषधाने जुने पहारेकरी मारले. त्या दिवसांत साधा तापही तिच्या जिवावर बेतला असता. आम्ही परत जाऊन रुजलो नसतो, तर लतिका वाचणं कठीण होतं.

शिरेतून पुन्हा आत शिरले तेव्हा मला भीती वाटली. हाडं ओस पडली होती. चाचपडत मी जुन्या जागी पोचले आणि कामाला लागले. नव्या पहारेकऱ्यांपैकी पुष्कळ जण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत शिकायला गेले. ती शाळा फार कडक. तिथे शरीराच्या आपल्याच वस्तू दाखवतात. जो त्यांच्या अंगावर धावून जातो, त्याला बहुधा तिथेच संपवतात. काही पोरं मात्र भांडणं मिटवणारी निघतात आणि भडकलेल्यांना आवरतात. आमच्यातल्या काही जणीही शांतता राखायला हातभार लावतात म्हणे. कसा, ते शोधायला बाई अजून सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या असतात. मला ठाऊक असतं तर मीच ओरडून सांगितलं असतं.

लतिका घरी आली. दत्ताराम रोज तिच्या पायाचा अंगठा दाबून विचारत, “कळता काय गो?” ती मानेनेच नाही म्हणे. झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. तरी म्हाताऱ्याने विचारणं सोडलं नाही.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. आजारी माणसाला मायेपोटी काही पाजायचं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, लपवू नका. इथेच मी थांबणार होते, पण परवा सकाळचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दत्तारामांनी नेहमीप्रमाणे अंगठा दाबला. या वेळी लतिकाची मान हलली नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “हात केवढे खरखरीत झालेत तुमचे.”

 दत्ताराम नुसता अंगठा चोळत राहिले. शेवटी लतिकाच हसत म्हणाली, “आता पुरे, टोचतंय.”