चेंडू किती वेळ धरायचा

माझं मत पहिल्यापासून एकच आहे आणि ते मी कुणालाही ऐकवायला तयार असतो: आमच्या संघाच्या लाइनमध्ये काडीचीही खोट नाही. खोट आहे ती क्वार्टरबॅकमध्ये.

सिंगापुरात हे ऐकून घेणारं कुणी भेटत नाही. ऑफिसात 'फुटबॉल' म्हटलं की लोक इंग्लंडमधल्या क्लबांवर सुरू होतात. मी अमेरिकेतला फुटबॉल म्हणतोय, लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. दोन वर्षं शिकायला तिकडच्या एका थंडगार गावात होतो, तिथे हे व्यसन लागलं. संघाचं नाव हेरन्स. हेरन म्हणजे बगळा. म्हणून अश्लेषा त्यांना 'तुझे बगळे' म्हणते आणि मला ते मुळीच आवडत नाही.

क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू येतो आणि ज्याने तो पुढे फेकायचा असतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात, ती लाइन. त्यांच्या वाट्याला चेंडू कधी येत नाही. अंगावर धावून येणाऱ्यांना अडवायचं, मार खायचा, आणि मागच्या राजेसाहेबांना विचार करायला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे. जिंकलं की फोटो राजेसाहेबांचा. हरलं की लाइनच्या नावाने शिमगा.

"पुण्यात लोक लाइन मारतात," अश्लेषा एकदा म्हणाली, "तुमच्याकडे लाइन मार खाते."

अश्लेषा नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे आणि टॅम्पिनीसला आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहते. आमच्या म्हणजे माझ्या आणि तन्मयच्या. तन्मय ठाण्याचा, माझा फ्लॅटमेट. गेली तीन वर्षं ती आमच्याकडे येते, आणि ती आली रे आली की तन्मय "जरा दूध घेऊन येतो" म्हणून खाली सटकतो. त्याची समजूत अशी की आम्हाला एकटं सोडलं की मी काहीतरी बोलेन. मी बोलतो. मी तिला लाइनबद्दल सांगतो.

"आता फ्रिजमध्ये पाण्याची बाटली ठेवायला जागा नाही," तन्मय मागच्या आठवड्यात माझ्यावर उखडला. "दुकानातली आंटी मला विचारते, 'युअर हाउस गॉट बेबी, अ?' किती दूध आणू मी?"

"योग्य वेळ यावी लागते," मी म्हणालो.

"तिची आई स्थळ बघतेय. निहार नावाचा आहे, बाणेरला फ्लॅट आहे. पाडव्याच्या आत कळवा म्हणालेत. ती परत पुण्याला गेली ना, की तू बस बगळे राखत."

हे मला ठाऊक होतं. अश्लेषानेच सांगितलं होतं, आणि सांगताना माझ्याकडे नको तितका वेळ बघितलं होतं. ती जाणार हा विचारच मला सहन होईना. खोटं कशाला बोलू, हेरन्स हरल्यावरही इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. बोलायचं मी पक्कं ठरवलं. दिवाळीच्या दिवशी बोलायचं. मॅच संपल्यावर.

यंदा इथली दीपावलीची सुट्टी नेमकी सोमवारी आली. अमेरिकेत रविवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ होते. एरवी मी मीटिंगमध्ये मांडीवर फोन ठेवून मॅच बघतो. या वेळी सोफ्यावर, अंगाला उटणं लावून बसलो होतो. आंघोळ सूर्योदयाआधी झाली नाही तर नरक, हे मी जाणतो. पण उटणं लावलेलं असताना हेरन्सनी पहिल्याच फटक्यात टचडाउन, म्हणजे या खेळातला गोल, केला. मग ते धुऊन टाकायला मी काय वेडा आहे?

अश्लेषा चकल्यांचा डबा घेऊन आली. मला बघून दारातच थांबली.

"हे काय ध्यान?"

"हात लावू नकोस. लीड आहे आपली."

"दूध आणतो," तन्मय म्हणाला आणि चपला पायात सरकवून गेला.

ती माझ्या शेजारी बसली. निळा कुर्ता, केसांना शिकेकाईचा वास. त्या क्षणी बोलायला हवं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण नेमकं तेव्हाच ब्रँडेलनं, आमच्या क्वार्टरबॅकनं, चेंडू हातात धरून ठेवला. लाइन बिचारी दात-ओठ खाऊन उभी, आणि हा मागे एका पायावरून दुसऱ्या पायावर. शेवटी चौघांनी मिळून त्याला लोळवला.

"बघ! बघितलंस?" मी तिच्याकडे वळलो. "लाइननं आणखी काय करायचं? जेवण वाढून ठेवलंय, आता घासही भरवायचा का याला?"

"याला भीती वाटत असेल," ती म्हणाली.

"कसली?"

"चुकीचा पडला तर, याची."

"मग पडू दे की! फेकला तर निदान आशा आहे. धरून बसला की आपटणारच!"

तिने चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

असं ती कधीच म्हणत नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मॅच संपत आली तेव्हा लीड कधीच गेली होती. आता जिंकायला एकच टचडाउन हवा होता आणि वेळ शेवटच्या खेळीपुरताच उरला होता. अश्लेषाचा फोन टीपॉयवर थरथरायला लागला. तिच्या आईचा. तो हातात घेऊन ती उभी राहिली.

"रुचिर, आईला आत्ता उत्तर द्यायचंय. सांग ना, निहारचं काय करू?"

ब्रँडेलच्या हातात चेंडू आला. आणि काय सांगू, लाइन! पाचही जण भिंतीसारखे उभे राहिले. कुणाला आत येऊ देईनात. कोपऱ्यात आमचा एक गडी एकटा, मोकळा, हात वर करून उभा.

"सोड!" मी सोफ्यावर चढून ओरडलो. "अरे सोड त्याला! आणखी किती वेळ धरून बसणार? इकडे एक जण मोकळा उभा आहे, दिसत नाही का तुला? सोड!"

ब्रँडेलनं सोडला नाही. चेंडू पोटाशी धरून तो आडवा झाला. मॅच संपली. मी उटणं लागल्या तोंडाने सोफ्यावर तसाच उभा राहिलो. वळून बघितलं तर अश्लेषा शेजारी नव्हती. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता.

"हो आई, विचार करूनच सांगतेय. त्यांना नाही म्हणून कळव."

तन्मय दुधाच्या पिशव्या घेऊन दारात उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"लिफ्टपर्यंत ऐकू आलं मला," तो म्हणाला. "'एक जण मोकळा उभा आहे!' काय वाक्य टाकलंस मित्रा!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ब्रँडेलला घातलेल्या शिव्यांवर एका मुलीनं बाणेरच्या फ्लॅटवर पाणी सोडलं होतं. हे असं चालायचं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. ती फोन ठेवून ओट्याला टेकली होती.

"अश्लेषा, ऐक. मघाचं ते मी तुला म्हणालो नव्हतो. ब्रँडेलला म्हणत होतो. तू आईला परत फोन कर."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तीन वर्षं तुझ्या मॅच बघतेय. तू कोणावर ओरडतोस एवढं कळतं मला. नाही म्हणायचं मी कालच ठरवलं होतं." तिने डोळे पुसले, ती रडते आहे हे मला तेव्हा दिसलं. "तुला विचारलं ते तुला चेंडू द्यावा म्हणून. आणि तू टीव्हीकडे बघत होतास."

मी तोंड उघडलं. कपाळावरचं उटणं जिभेवर पडलं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"आई असणार," ती म्हणाली. "'नाही का म्हणालीस?' म्हणून विचारेल. काय कारण सांगू?"

"म्हणजे बघ, तसं मला... योग्य वेळ आली की मी..."

"सोड रे!" बाहेरून तन्मय किंचाळला. "सोड आता!"

मी तिच्या हातातून फोन घेतला. उटणं लागल्या बोटानं तो उचलला.

"काकू, मी रुचिर बोलतोय, सिंगापूरहून. अश्लेषानं नाही म्हटलं त्याचं कारण मी आहे. मला तिच्याशी लग्न करायचंय. आणि हे मी तिलाही आत्ताच सांगतोय."

अश्लेषानं आपला चेहरा दोन्ही हातांनी झाकला.  फोनवर, पलीकडे पुण्यात, कुणाच्या तरी अंगणात लवंगी माळ तडतडली.

"रुचिर म्हणजे तो बगळेवाला ना?" काकू म्हणाल्या. "अरे, किती वेळ लावलास!"

तन्मयनं घरातलं सगळं दूध बासुंदीसाठी आटवायला ठेवलं.