धुतलेली गाळणी

धानोऱ्याच्या जांभूळरस केंद्रात दिव्याला आजच नितळ रस काढून दाखवायचा होता. यंत्र देणाऱ्या संस्थेच्या मॅडम दुपारी येणार होत्या. रस गढूळ निघाला तर हे गाळायचं यंत्र, फिल्टर प्रेस, टेम्पोत चढून आलापल्लीच्या केंद्राला जाईल, हे त्यांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

सकाळपासून पंप रस ढकलत होता. लोखंडी सांगाड्यात एकमेकींना चिकटून उभ्या प्लेटी, त्यांच्यामध्ये जाड कापडं. रस बाहेर पडायचा, गाळ आत अडकायचा. पहिली धार गढूळच येते, म्हणून दिव्या ती परत टाकीत सोडायची. हळूहळू धार नितळायची. मग सगळे खुशीत चहाला जायचे आणि परत येऊन पंप लावला की पुन्हा गढूळ. दोनदा असंच झालं.

"नजर लागली यंत्राले," पंपावरचा लटारू म्हणाला. चाखून चाखून त्याचे दात जांभळे झाले होते. "मीठ-मिरची उतरवू का?"

"तू आधी तोंड धू."

तिसऱ्या चहाला दिव्या कप ठेवून मागे गेली. नळावर केंद्रात धुण्याभांड्याचं काम करणाऱ्या रुखमाबाई पदर खोचून प्रेसची कापडं बदडत होत्या.

"बाई, काऊन धुवून राह्यल्या?"

"पाहुणी येऊन राह्यली. खरकटी गाळणी दाखवू का तिले? तुम्ही चहाले गेल्या का दरवेळी काढून धुतली अन् परत बसवली."

दिव्यानं नळ बंद केला. "अहो, गाळाचा थर बसला की तो थरच बारीक गाळ अडवते. कापड नुसतं त्याले धरून ठेवते."

रुखमाबाई थांबल्या. "म्हणजे मी सकाळपासून गाळणीच धुवून फेकून राह्यली?"

आधी लटारू फुटला, मग दिव्या, मग ओलं कापड छातीशी धरून रुखमाबाईच. हसता हसता कापडं बसवली. या वेळी चहा बंद.

मॅडम आल्या तेव्हा धार इतकी नितळ होती की ग्लासातून पलीकडचा लटारू जांभळा पण स्पष्ट दिसत होता. मॅडम खूश झाल्या. "प्लेटी उघडून दाखवा ना, आतून स्वच्छ आहेत का बघू."

रुखमाबाई लुगडं पसरून प्रेससमोर उभ्या राहिल्या. "नाई मॅडम. ते जेवून राह्यलं. भरल्या तोंडी त्याले बोलवू नका."

मॅडम इतक्या हसल्या की ग्लासातला रस साडीवर सांडला. यंत्र इथंच राहील, असं त्या डाग पुसता पुसता सांगून गेल्या.

गाडी वळणाआड होताच रुखमाबाईंनी पदर खोचला.

"आता तरी धुऊ का?"