लांब शिट्ट्या

तीन दिवस कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर अंधार आणि आतून लांबलचक शिट्ट्या. पहिल्या शिट्टीलाच मी बटण दाबून तो बंद करायचे, तेही दार लावून. आमची चिमी आठ महिन्यांची. तिची झोपमोड होऊ नये म्हणून मी दारावरच्या बेलची वायरसुद्धा काढून ठेवली होती. सासूबाई म्हणायच्या, "या घरात मला शिंकही चोरून द्यावी लागते."

माझं काम अडलं होतं. शेवटी दुपारी दुरुस्तीवाला आला. चिमी सतरंजीवर आमच्याकडे पाठ करून डब्यांची झाकणं चाटत बसली होती. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या.

"आवाजावरून कळतं, वहिनी," तो बाजूचं झाकण उघडत म्हणाला. "एक लांब, दोन छोट्या, म्हणजे पडद्याचं कार्ड. नुसत्या लांब म्हणजे रॅम. ऐकू तर द्या." मी चिमीला उचलायला वाकले, तोवर त्याने बटण दाबलंही.

शिट्टी एवढी कर्कश होती की सासूबाईंच्या हातातल्या शेंगा सांडल्या. एकामागून एक चार शिट्ट्या झाल्या.

"शहाणी गं माझी बाय," सासूबाई म्हणाल्या. "रडली नाही की काही नाही."

"माझ्या पोराने घर डोक्यावर घेतलं असतं," तो हसला.

चिमीने मानही वळवली नव्हती. ती झाकणच चाटत होती.

त्याने रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासलं, पुन्हा बसवली. यंत्र मुकाट सुरू झालं. पडद्यावर उजेड आला.

"दादा, तो आवाज पुन्हा काढता येईल?"

"अहो, लोक मला आवाज घालवायला बोलावतात!"

"एकदाच."

माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने यंत्र बंद केलं आणि पट्टी उपसली. मी चिमीच्या मागे उभी राहिले. सावली पडू नये, फरशी हलू नये, म्हणून श्वासही धरला. शिट्ट्या सुरू झाल्या. पाच, सहा, सात. झाकण उलटं करून तिने दुसरी बाजू चाटायला घेतली.

त्याने वायरच ओढली आणि खाली मान घालून पट्टी पुसत बसला.

"हिचा बापही उशिराच बोलला," सासूबाई म्हणाल्या. "खेळात रमलीय पोर. तुला उगाच नसत्या शंका."

"आई, तुम्ही हाक मारा. मागूनच."

"चिमे." मग मोठ्याने, "चिमे!" मग त्यांनी शेंगांचं ताट फरशीवर आपटलं. थरथर पोचली तशी चिमी वळली आणि आजीकडे पाहून बोळकं पसरून हसली. सासूबाई ताट तिथेच टाकून उठल्या.

मी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईने वय विचारलं, ते सांगितलं.

"काय त्रास होतोय बाळाला?"

"त्रास काहीच नाही," मी म्हणाले. पुढचं वाक्य तयार होतं, पण तोंडातून निघेना. दोनदा "हॅलो, हॅलो" झालं.

सासूबाईंनी हात पदराला पुसले आणि माझ्याकडून फोन घेतला.

"मी तिची आजी बोलतेय," त्या म्हणाल्या. "आमच्या बाळाला ऐकू येत नाहीये."